कंट्रोलरकाका आणि बारावं दार

आमच्या कंट्रोलरकाकांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक खाली आलेली आणि दुसरी अजून खाली यायची राहिलेली. खाली म्हणजे आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. तळमजल्यावर अर्ध्या जागेत पार्किंग, त्याला लागून तीन घरं, आणि वर तीन मजले, मजल्याला तीन घरं. एकूण बारा. ह्या बारा दारांमागची माणसं सणाच्या दिवशी टीव्ही बंद करून एकाच वेळी खाली येऊन उभी राहिली, की जगात आणखी काही करायचं शिल्लक राहत नाही, अशी काकांची ठाम समजूत आहे. आणि रत्नागिरीची माणसं बोलायला फार गोड, पण दाराच्या आतून. "येतो हो" म्हणतात आणि येत नाहीत. त्या "येतो हो"शी काका गेली सहा वर्षं लढत आहेत.

काका एसटीत होते. आधी कंडक्टर, मग स्टँडवर कंट्रोलर. दापोलीची गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते माईकवरून सांगण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याचा आवाज निवृत्त झाला म्हणून लहान होत नाही. आता तर त्यांना माईकही लागत नाही. जिन्याच्या तळाशी उभे राहून एक हात कानावर ठेवतात आणि सुरू होतात, "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तिळगूळ फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे. तिसऱ्या मजल्यावरून सुटणाऱ्या वहिनी अद्याप न आल्याने कार्यक्रमास दहा मिनिटे विलंब होत आहे." मग त्या वहिनी पदर सावरत, ओशाळत, दोन-दोन पायऱ्या उतरत येतात. दाराची घंटी ते नेहमी दोनदा वाजवतात. का, म्हणून कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन घंट्यांवर एवढी मोठी गाडी हलते, माणूस हलणार नाही होय?" गळ्यात शिट्टी असते. आणि काखेत एक वही, तिच्यात बारा घरांचे तीन गट. वेळेवर, उशिरा धावणारी आणि रद्द.

आमचं घर पहिलं वर्षभर रद्दमध्ये होतं. आमचे हे सकाळी कामावर जातात ते अंधार पडता परत येतात, आणि मी दाराची साखळी न काढता फटीतून बोलणारी. काकांनी मला कधी जोर केला नाही. एक दिवस मात्र दुधवाल्यासाठी दाराला लावलेली चिठ्ठी हातात घेऊन ते उभे. "आज दूध नको, हे तू लिहिलंस?" मी मान हलवली. "बाय, अक्षर मोत्यासारखं आहे. उद्यापासून फळा तुझ्याकडे." मी फटीतूनच म्हटलं, "काका, मी चौथी शिकलेली. मला नोटीस कुठली येते?" तर म्हणाले, "एसटीच्या पाटीवर किती शब्द असतात? गावाचं नाव आणि मार्गे. त्यावर माणसं बरोबर गावाला पोचतात ना? तेवढंच लिहायचं." तेव्हापासून इमारतीचा फळा आणि पाट्या मी लिहिते. फळ्यासाठी खाली उतरावं लागतं, आणि उतरलेल्या माणसाला काका वर जाऊ देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

काकांच्या सणांत काही ना काही बिघडतं, पण त्यांना ते बिघडलं असं कधी वाटत नाही. एका दिवाळीला त्यांनी बारा घरांना बारा सारखे कंदील केले. माप स्वतःच्या हाताचं घेतलं, आणि काका सहा फूट. कंदील एवढे मोठे झाले की दारात टांगल्यावर ते डोक्याला लागायचे. चार दिवस सगळी इमारत वाकून घरात शिरत होती. काका म्हणाले, "सणासुदीला जरा वाकावं माणसानं." दहीहंडी त्यांनी म्हाताऱ्यांनाही फोडता यावी म्हणून एवढी खाली बांधली की सुरुवात व्हायच्या आधीच कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशाने फुटली. काकू, म्हणजे त्यांची बायको, ह्या सगळ्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बघतात. त्यांचं बोलणं मोजकं असतं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "गोविंदा स्कूटरवरून आला वाटतं."

एका सणाला मात्र काकांचं काही चालत नाही, तो गणपती. गणपतीत आमची इमारत ओस पडते. कुणाचं घर गुहागरकडे, कुणाचं राजापुराकडे, आमचं हेदवीला. गणपती ज्याच्या त्याच्या गावच्या घरात. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्या जिन्यावर पिशव्या आणि नारळाची पोती, आणि मग कुलपं. काकांना गाव नाही. ते वाढले अलोऱ्याच्या कॉलनीत, वडील कोयनेच्या कामावर होते. एकदा भाजी निवडता निवडता काकूंनी मला सांगितलं, "तिथं सगळे बाहेरून आलेले. कोण घाटावरचे, कोण केरळातले. कुणालाच गाव जवळ नाही, म्हणून सण सगळे मिळून. होळीला चाळीस घरं एका आगीभोवती. मग काम संपलं, बदल्या झाल्या, एकेक क्वार्टर बंद होत गेलं. आणि हे एसटीत लागल्यावर सणाचं घरी कधी राहिलेच नाहीत. सणाला जादा गाड्या, जादा गाड्यांना हे. मुलाला पहिल्यांदा उटणं लावलं त्या दिवाळीला हे स्टँडवर होते, पुढच्या सगळ्या दिवाळ्यांनाही." मग शेंगेची शीर ओढून म्हणाल्या, "आता उट्टं काढतायत." त्या दिवसापासून मला त्यांच्या शिट्टीचा राग येईनासा झाला.

सगळ्यांना काही असं सांगायला काकू गेल्या नव्हत्या. त्यामुळे कुरकुर वाढत गेली. दुपारी झोप मोडते, घंटी दोनदा वाजते, जिन्यातून नावं पुकारतात. शेवटी पावसाळ्यात सोसायटीची मीटिंग झाली तेव्हा सेक्रेटरी उभे राहिले. ते तसे सज्जन, पण तक्रारी ऐकून ऐकून दमलेले. म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता सगळी इमारत एक आहे. मग पुढच्या सणाला बाराच्या बारा घरं खाली आणून दाखवा. आली, तर तुमचं सगळं असंच चालू राहील, कोणी काही बोलणार नाही. एक जरी घर कमी पडलं, तरी हे बंद. शिट्टी कपाटात." काका ताडकन म्हणाले, "मान्य!" घरी गेल्यावर काकू म्हणाल्या, "मान्य म्हणायच्या आधी तळमजल्याचं एक दार आठवायचं होतं."

ते दार आजीचं. आजी बंदरावरची, खारवीण, सत्तरी ओलांडलेली. मुलगा मासे धरायला बोटीवर जातो, त्यानं आईसाठी घर घेतलं. आजी पहिल्या वर्षी सगळ्यात आधी पार्किंगात येऊन बसायची. हिवाळ्यात तिनं गच्चीवर बोंबील वाळत घातले. त्यावर सेक्रेटरींच्या बायकोनं तक्रार केली, सेक्रेटरींनी काकांना सांगितलं, काकांनी मला सांगितलं आणि मी पाटी लिहिली. 'गच्चीवर मासळी वाळत घालू नये. वासाचा त्रास होतो.' चांगलं ठळक, मोत्यासारखं लिहिलं. काकांनी ती सुतळीनं गच्चीच्या दाराला टांगली. लिहिताना मला काही वाटलं नाही, टांगताना त्यांनाही नाही. नियम तो नियम, असं वाटलं असेल. त्या दिवसापासून आजीचं दार कुठल्याही सणाला उघडलं नाही. काका तिळगूळ घेऊन गेले तर आतूनच म्हणाली, "माझा वास येतो ना? मग खिडकी लावून घ्या नि खावा तुमचं गोड."

मीटिंगनंतर काका आठ दिवस त्या दारावर खेपा घालत होते. दोन घंट्या दिल्या, चार दिल्या. दारातून वेळापत्रक सरकवलं, ते तसंच बाहेर आलं. काकूंनी केलेल्या घावन-घाटल्याचा डबा पाठवला, तो रिकामा होऊन परत आला, पण सोबत माणूस आला नाही. "डबा वेळेवर, प्रवासी रद्द," काकू म्हणाल्या. मी एकदा काकांना हळूच म्हटलं, "काका, ती पाटी..." तर ते वहीत काहीतरी लिहायला लागले. काहीही लिहीत नव्हते, मला दिसत होतं.

सण त्यांनी निवडला नारळी पौर्णिमा. गणपतीच्या आधीचा, त्यामुळे सगळे घरी. शिवाय नारळ लढवायचे. म्हणजे एकानं नारळ तळहातावर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपल्या नारळानं त्याच्यावर मार द्यायचा, ज्याचा फुटेल तो हरला. ह्यात पूजा नाही, आरती नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे सर तयार झाले. सर बौद्ध, पूजेला ते कधी येत नसत. त्यांनी आधी विचारून घेतलं, "नुसता खेळ?" काका म्हणाले, "नुसता खेळ, सर. देवाला सुट्टी." पहिल्या मजल्यावरच्या भाभींचे यजमान मस्कतला, घरात त्या आणि त्यांची सासू. भाभी म्हणाल्या, "काका, आमच्या दारात चार माड होते. नारळाला काय घाबरायचं?" असे एकेक करत अकरा झाले. मी फळ्यावर लिहिलं, 'नारळ लढवणे. सकाळी दहा. प्रत्येक घरातून एक.' काकांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बाराही'.

नारळ पुरवायचं काम काकांनी कुणाला दिलं नाही. बाजारात जाऊन स्वतः निवडून दोन डझन आणले. मोठे, सुंदर, पाण्यानं डुचमळणारे. पार्किंगात चटई घालून ओळीनं मांडले. पाऊस थांबून थांबून येत होता. दहाला शिट्टी झाली. पहिला मार सरांनी दिला, चष्मा काढून, फार सभ्यपणे, आणि समोरच्याचा आणि स्वतःचा असे दोन्ही नारळ एकदम फुटले. दुसऱ्या जोडीचंही तेच. माझा तर मी नुसता धरला होता, शेजारणीच्या नारळाचा धक्का लागला नि फुटला. भाभींच्या फोनवरून मस्कतचे यजमान ओरडत होते, "डावीकडून मार! डावीकडून!" भाभींनी डावीकडून मारला, तोही फुटला. पाच मिनिटांत चटईवर खोबऱ्याचा आणि पाण्याचा चिखल, आणि कोण जिंकलं कुणालाच कळेना. काका शिट्टी तोंडात धरून नुसते उभे.

तेवढ्यात खिडकीतून हसण्याचा आवाज आला. आजीची खिडकी पार्किंगातच उघडते. गजाला तोंड लावून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कोणी आणले रे हे नारळ?"

"मी, आजी," काका म्हणाले.

"हे भातात घालायचे नारळ. कवळे, पातळ करवंटीचे. हे लढवतात होय? डोंगरातला माणूस नारळ आणायला गेला!"

"मग लढवायचे कसे असतात?"

"ते मी कशाला सांगू? मी वासाची बाई."

सेक्रेटरींची बायको चटईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काका काहीतरी पुकारतील, हसवतील, वेळ मारून नेतील. ते खिडकीपाशी गेले. शिट्टी गळ्यातून काढली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आजी, पाटी मी टांगली. तुमच्या दारात येऊन आठ दिवस सगळं बोललो, हे एक बोललो नाही. चुकलं माझं." एवढ्या हळू आवाजात की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा काकांचं बोलणं मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं.

आजीनं पदरानं डोळे पुसले. "मग काढा."

काकांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी बायकोकडे. ती काही बोलायच्या आत मी जिन्यात होते. अक्षर माझं होतं. तीन मजले ओलांडले, गच्चीच्या दाराची सुतळी पावसानं फुगली होती, गाठ सुटेना, दातानं तोडली. पाटी काखेत मारून खाली आले तेव्हा सेक्रेटरींची बायको आजीच्या दाराशी उभी होती आणि म्हणत होती, "आजी, बोंबील वाळवा हो. फक्त वाळले की आम्हालाही चार द्या." आणि आतून आजी म्हणत होती, "चार कशाला, मेले? आठ घे."

मग बारावं दार उघडलं. आजी बाहेर आली ती हातात गोणपाट घेऊन. त्यात खाटेखाली ठेवलेले नारळ होते, लहान, काळपट, गोटीसारखे गोल. एकेक कानाशी नेऊन नखानं वाजवून तिनं ते वाटले. "हा तुझा. हा सरांचा. ह्याला नाकानं, टोकाकडून मार द्यायचा, गालानं नाय." कुणीतरी जुनी समजूत पुढे केलीच, की बायकांनी नारळ फोडू नये म्हणतात. आजी म्हणाली, "मी कुठं फोडतंय? ह्यांचे आपले फुटतात." आणि खरोखरच फुटत गेले. तिनं भाभींचा फोडला, सरांचा फोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोडला. काकांचा फोडताना म्हणाली, "घट्ट धर, कंडक्टर." शेवटी राहिले सेक्रेटरी. बैठक मारून, दोन्ही हातांत नारळ धरून, डोळे मिटून बसले. आजीनं नुसता मनगटाचा झटका दिला. टक् असा बारीक आवाज झाला आणि सेक्रेटरींच्या पँटवर पाणीच पाणी. मस्कतहून जो ओरडा झाला तो फोनमधून सगळ्या इमारतीला ऐकू आला. भाभींच्या सासूबाई, ज्या गुडघ्यांमुळे कधी खाली उतरत नाहीत, त्या जिन्याच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. काकांनी वही उघडून मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग माणसांना हात लावत लावत मोजलं. बारा.

"सेक्रेटरीसाहेब?"

"मोजलंय, काका. चालू ठेवा. सगळं चालू ठेवा. मला आधी पँट बदलू द्या."

काकांनी शिट्टी खिशातून काढून जी वाजवली, ती बंदरावर बोटींनाही ऐकू गेली असेल. संध्याकाळी आजी समुद्राला नारळ द्यायला निघाली तेव्हा तिच्या मागून आम्ही सगळे, जेटीपर्यंत. सर आणि भाभी म्हणाले, आम्ही समुद्र बघायला येतो. पुढे आजी, मागे बाकीची अकरा घरं, आणि सगळ्यात शेवटी काका, कुणी मागे राहू नये म्हणून. फुटलेल्या नारळांचा नारळीभात काकूंनी केला. सगळ्यांना पुरून उरला. काका मिरवत होते, "पातळ करवंटीचे मी मुद्दाम आणले. आजीला राहवणार नाही हे मला ठाऊक होतं." काकू वाढता वाढता म्हणाल्या, "काही ठाऊक नव्हतं. चांगले दिसले म्हणून आणले." आणि त्यांच्या पानात आणखी एक डाव भात घातला.

पुढे अठरा-एकोणीस दिवसांनी गणपती आले. जिन्यावर पिशव्या आल्या. जाताना ह्या वेळी प्रत्येकानं काकांच्या दारी थांबून म्हटलं, काका, काकू, आमच्याकडे या, दोन दिवस राहा. आजीनंही मुलाकडे, बंदरावरच्या वाडीत बोलावलं. आम्हीही म्हटलं, हेदवीला या. काका सगळ्यांना म्हणाले, "येणार होतो, पण सगळेच गाडीत बसले तर गाडी सोडणार कोण?" आणि फाटकाशी उभे राहून एकेकाच्या पिशव्या रिक्षात चढवून देत राहिले. आमची रिक्षा वळली तेव्हाही ते तिथंच होते.

आम्ही गौरी-गणपतींचं विसर्जन करून परत आलो. काका झोपले होते, जरा कणकण होती. काकूंनी दारातच मला सांगितलं, "रोज दिवेलागणीला उतरायचे. जे जे दार बंद, त्याच्यापुढे एकेक पणती. वारा आला की विझायची, पुन्हा लावायचे, पुन्हा विझायची. भाभी म्हणाल्या, काका, आमच्या मजल्यावरच्या मी बघते, तर ऐकेनात. मी म्हटलं, अहो, आत कुणी नाही. तर म्हणाले, कॉलनीत एकेक घर बंद होत होतं तेव्हा असं कुणीतरी लावायला हवं होतं." शेवटी म्हणाल्या, "मग मीही दोन मजले वाटून घेतले."

आमच्या उंबऱ्याशी उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा तेलाचा डाग पडला आहे. घरातले म्हणतात, सोड्यानं निघेल. निघेल, मला ठाऊक आहे.